घरच्या आजारपणाची रजा कोणत्या रकान्यात लिहायची?

प्रति,
माननीय कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
माननीय कामगार आयुक्त,
आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर व नांदेड येथील कारखान्यांचे, दुकानांचे, आस्थापनांचे मालक आणि व्यवस्थापक

महोदय,

रजेच्या छापील अर्जावर साधारण चार रकाने असतात: किरकोळ, आजारपण, हक्काची आणि बिनपगारी. रात्री दोनला गेवराईहून फोन येतो, आईचं अर्धं अंग लुळं पडलंय, तिला संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणतोय. सकाळी सातच्या शिफ्टला जाणाऱ्या कामगाराने यातल्या कोणत्या रकान्यावर खूण करायची? आजारपणाची रजा त्याच्या स्वतःच्या दुखण्यासाठी आहे. हक्काच्या रजेला पंधरा दिवस आधी अर्ज लागतो. किरकोळ रजा उरली असेल तर नशीब. मग उरते ती बिनपगारी, आणि तीही साहेबांनी मंजूर केली तरच.

आम्ही कामगारांचे रजेचे अर्ज, कारणे दाखवा नोटिशीचे खुलासे आणि कामगार कार्यालयातल्या तक्रारी लिहून देतो. हाच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आमच्यापुढे येत राहतो, आणि त्याला कायद्यात सरळ उत्तर नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. निमित्तही ताजे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात सामावले. पगाराची व्याख्या बदलली, रजेची पात्रता बदलली, नेमणूकपत्र सक्तीचे झाले. एवढ्या मोठ्या फेरमांडणीत घरच्या माणसाच्या आजारपणासाठी एका दिवसाचीही स्वतंत्र रजा कुणी लिहिली नाही.

आज कायदा काय देतो, ते आधी पाहू.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ प्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे. नव्या संहितेने २४० चे १८० दिवस केले, हे चांगलेच झाले. पण जुन्या कलमातली पंधरा दिवस आधी अर्ज करण्याची अट कारखान्यांच्या अर्जांवर आणि टाइम ऑफिसच्या सवयीत पक्की बसली आहे. त्याच कलमात एक सवलतही होती: आजारपणासाठी ही रजा हवी असेल तर पंधरा दिवसांची मुदत पाळली नाही तरी ती द्यावी. व्यवहारात तिचा अर्थ कामगाराचे स्वतःचे आजारपण एवढाच घेतला गेला. बापाच्या मेंदूतल्या रक्तस्रावाला ती सवलत कुणी लावत नाही.

दुकाने आणि कार्यालयांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीनुसार जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना दोन. फेब्रुवारीत मुलाला डेंग्यू होऊन प्लेटलेट खाली गेल्या तर खात्यावर दोनच दिवस सापडतात. डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरल्यावर सुरू होतो, म्हणजे रजा संपते तेव्हाच मुलाजवळ बसण्याची खरी गरज उभी राहते. शिवाय हा कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मंजुरी दिली. लातूरच्या क्लासचे ऑफिस, मोंढ्यातली आडत, औषधाचे दुकान, गॅरेज यांत वीस माणसे कुठे असतात? आपल्या भागातला पगारदार मोठ्या संख्येने अशाच ठिकाणी आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. त्यातून बायकोमुलांवर आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल आम्ही जाणतो. पण आजारपणाचा भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, विमाधारक स्वतः आजारी असेल तरच मिळतो. बायको विमा रुग्णालयात दाखल आहे, उपचार नवऱ्याच्याच कार्डावर चालू आहेत, आणि तिच्या उशाशी बसलेल्या त्या नवऱ्याच्या हजेरीपुढे कारखान्यात ‘गैरहजर’ लागते. हे दोन्ही कागद एकाच दिवसाचे असतात.

याची सर्वांत वाईट परिणती खोट्या दाखल्यात होते. आई आयसीयूत असलेला धडधाकट माणूस ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्या नावाचा ‘व्हायरल ताप, पाच दिवस विश्रांती’ असा दाखला आणतो, कारण खऱ्या कारणाला रकाना नाही. पुढे दाखला खोटा निघाला तर तेच गंभीर गैरवर्तन ठरते आणि आठ-दहा वर्षांची नोकरी जाते. खरे बोलणाऱ्याला बिनपगारी आणि खोटे लिहिणाऱ्याला पगार, अशी रचना आपण ठेवली आहे. ती बदलणे आपल्याच हातात आहे.

व्यवस्थापनाकडून नेहमी येणारा प्रश्न असा: “रुग्णालयात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तुझं तिथं काय काम?” याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण बहुतेक नकार इथेच जन्मतात.

सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णामागे एक धडधाकट नातेवाईक लागतोच. केसपेपर काढणे, ट्रॉलीला हात लावणे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, रक्तपेढीत पिशवीसाठी उभे राहणे, बदली रक्तदाता शोधणे, सीटी स्कॅनचा नंबर लावणे. रुग्ण बेशुद्ध किंवा लहान मूल असेल तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही नातेवाइकाची लागते. बेशुद्ध रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. भरलेल्या वॉर्डात एका नर्सकडून ते सगळ्यांचे होणे शक्य नसते. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, पण त्यासाठी रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, शिधापत्रिका आणि आधार द्यावे लागते. शिधापत्रिका गावी असते, आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळत नाही, मग तहसीलची चक्कर. ही कामे रविवारी होत नाहीत. डॉक्टर राउंडला सकाळी येतात, आणि पुढे काय करायचे हे तेव्हाच कळते. पहिल्या शिफ्टचा आणि जनरल शिफ्टचा कामगार नेमका त्या वेळी मशीनवर उभा असतो.

यात आपल्या भागाचे अंतर मिसळा. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालय, तिथून घाटी, अंबाजोगाई, नांदेडचे विष्णुपुरी किंवा लातूर इथले मोठे सरकारी रुग्णालय, असा रुग्ण ‘रेफर’ होत पुढे सरकतो. धाराशिवचे लोक सोलापूरला जातात, नांदेडचे हैदराबादला. नांदेडहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे. वाळूजला नोकरी करणाऱ्याचे आईवडील परभणी-हिंगोलीच्या खेड्यात असतील तर एक दिवसाची रजा येण्याजाण्यातच संपते. अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या वेळात निर्णय घेणारा मुलगा गेटपासची सही मिळण्याची वाट पाहत टाइम ऑफिससमोर थांबलेला असू नये, एवढी साधी ही गोष्ट आहे.

आणि प्रत्येक आजार एका झटक्यात संपत नाही. डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. केमोथेरपीच्या अनेक औषधांचे चक्र २१ दिवसांचे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, अनेकदा सहा-सात आठवडे. त्यासाठी मराठवाडाभरातून लोक संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. कमी वजनाचे बाळ काचेच्या पेटीत असेल तर आईला दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावे लागते, आणि खासगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजा कायद्याने नाहीच. अशा घरांना सलग महिनाभर रजा नको असते. त्यांना आज अर्धा दिवस, परवा दोन तास, पुढच्या सोमवारी एक दिवस हवा असतो. असे तुकड्यांत देण्याची सोय या कायद्यांत दिसत नाही. उलट कारखाने अधिनियमात ही रजा वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा तोडून घेता येणार नाही, अशी मर्यादा होती.

आता पगाराचा हिशेब. समजा रोजचा दर ६०० रुपये. कामगार शनिवारी आणि सोमवारी रुग्णालयात होता. कापायला हवेत १,२०० रुपये. पण मधला रविवार ‘सँडविच’ म्हणून धरतात आणि १,८०० कापतात, वर महिन्याचा हजेरी भत्ता अख्खा जातो. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट होते की गैरहजेरीची कपात गैरहजर काळाच्या प्रमाणातच असावी. वेतन संहिता, २०१९ मध्येही तेच तत्त्व कायम आहे. दोन दिवसांच्या खाड्याला तीन दिवसांचा पगार कापणे या तत्त्वात बसत नाही. हे कामगाराला माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते ते पगारपत्रकावर ‘इतर कपात’ लिहून मोकळे होतात.

पगार कापल्यावर नोकरीचा प्रश्न येतो. सलग आठ-दहा दिवस गैरहजर म्हणून नाव पटावरून काढून टाकण्याची पद्धत अजून सर्रास चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात सांगितले की स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, तसे लिहिले असले तरी चौकशी न करता, बाजू न ऐकता असे काढता येत नाही. २०१२ मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात न्यायालय आणखी स्पष्ट बोलले: आजार, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा हाताबाहेरच्या कारणांनी आलेली गैरहजेरी जाणूनबुजून केलेली धरता येत नाही. इतके स्वच्छ निकाल असताना ‘आपण विनापरवानगी गैरहजर राहिल्याने आपणास नोकरीत स्वारस्य नाही असे गृहीत धरण्यात येत आहे’ या एका वाक्याची पत्रे आजही निघतात. पत्र गावच्या पत्त्यावर जाते, माणूस रुग्णालयात असतो, सात दिवसांची मुदत परस्पर उलटून जाते.

खरे तर चांगला नियम आपल्याकडे लिहून तयार होता. १९४६ च्या केंद्रीय नियमांतल्या नमुना स्थायी आदेशात किरकोळ रजा ही आधी सांगता न येणाऱ्या अडचणींसाठीच आहे असे म्हटले होते. शक्य असेल तर आधी परवानगी, नाहीतर जमेल तितक्या लवकर लेखी कळवावे आणि अंदाजे किती दिवस लागतील ते सांगावे, एवढीच अपेक्षा होती. याहून शहाणा नियम आम्हालाही सुचला नसता. पण स्थायी आदेशांची सक्ती नव्या औद्योगिक संबंध संहितेत ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच राहिली. जुन्या केंद्रीय कायद्यात ती १०० पासून होती. जालन्याच्या रोलिंग मिल, वाळूजमधले पुरवठादार कारखाने, लातूर-उदगीरच्या डाळ मिल यांतल्या किती ठिकाणी ३०० कायम कामगार आहेत, हे आपल्या कार्यालयाला आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

ठेकेदाराकडच्या माणसाची अवस्था याहून कठीण. त्याला नोटीसही येत नाही. तिसऱ्या दिवशी तो गेटवर कार्ड लावतो तर दिवा लाल होतो. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो कंपनीने माणूस बदलून मागितला. हातात कागद नाही, काढल्याची तारीख नाही, त्यामुळे तक्रार कुठून सुरू करायची हाच प्रश्न पडतो. राहिलेला पगार ठेकेदाराने दिला नाही तर तो मुख्य मालकाने द्यायचा, हे कायद्यात फार पूर्वीपासून आहे. तीच जबाबदारी रजेलाही लागायला हवी.

आणि बीड जिल्ह्याचे नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायकोला ताप आला, मुलाला फडात साप चावला, म्हणून एक थांबला की कोयता थांबतो, आणि ‘खाडा’ म्हणून रोजचे पाचशे रुपये आणि त्याहूनही अधिक उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेत, वाढतात. कारखान्यातल्या कामगाराचा निदान त्या दिवसाचा पगारच जातो. इथे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ राज्याने काढले आहे. आजारपणातल्या खाड्याची वसुली थांबवणे हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक असायला हवे होते.

सरकारला ही गरज कळत नाही असेही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला ३० अर्जित, २० अर्धपगारी आणि ८ किरकोळ रजा आहेत, आणि वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी त्या घेता येतात असे केंद्राने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती त्यांना मिळते याचा आम्हाला आनंद आहे. मंत्रालयातल्या लिपिकाची आई आणि शेंद्र्यातल्या फिटरची आई यांच्या आजारात मात्र फरक नसतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात आजारी नातेवाइकाच्या सेवेसाठी वर्षाला किमान पाच दिवस ठरवून दिले. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९८१ चा आहे, त्यावर भारताची मोहोर अजून नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. वर्षाला सात दिवस भरपगारी ‘कौटुंबिक वैद्यकीय रजा’ स्वतंत्र नावाने द्यावी. २०१७ चा दुकाने कायदा राज्याचाच आहे, त्यात दुरुस्ती राज्य विधिमंडळ करू शकते. सुरुवात तिथून करा. या रजेपुरती कामगारसंख्येची मर्यादा नको. कारखान्यांसाठी नियम आणि परिपत्रकाच्या मार्गाने जे शक्य आहे ते करा, उरलेल्यासाठी केंद्राकडे लेखी शिफारस पाठवा.

२. त्यानंतर गरज पडल्यास ३० दिवसांपर्यंत बिनपगारी रजा, नोकरी आणि सेवाज्येष्ठता शाबूत ठेवून. दोन्ही रजा अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत घेता याव्यात.

३. कुटुंबात आईवडील, सासूसासरे, नवराबायको, मुले आणि अवलंबून असलेले भाऊबहीण धरावेत. विवाहित महिला कामगाराला ‘माहेरचे आईवडील तुमच्या कुटुंबात येत नाहीत’ असे सांगितले जाते, ते बंद व्हावे.

४. २४ तासांच्या आत फोन, व्हॉट्सॲप किंवा एसएमएसने दिलेली सूचना वैध धरावी. कागदपत्रे कामावर परतल्यापासून सात दिवसांत.

५. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांशी बोलून सर्व सरकारी रुग्णालयांत ‘नातेवाईक उपस्थिती दाखला’ सुरू करावा. रुग्णाचे नाव, आंतररुग्ण क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, सोबतच्या नातेवाइकाचे नाव, नाते, कोणत्या तारखांना उपस्थित, वॉर्डचा शिक्का. अर्धे पान पुरते. आज डिस्चार्ज कार्ड मिळते रुग्ण घरी जाताना, आणि त्यावर कामगाराचे नाव नसते. कंपनी दुसऱ्याच दिवशी पुरावा मागते.

६. वैद्यकीय कारणाच्या गैरहजेरीत चौकशीशिवाय नाव कमी करणे, कार्ड बंद करणे आणि प्रमाणाबाहेर पगार कापणे यांची तपासणी आपल्या निरीक्षकांनी करावी. ठेकेदाराच्या कामगारांसाठी मुख्य मालकाला जबाबदार धरावे.

७. ऊसतोडीच्या करारात आजारपणाच्या दिवसांना खाडा लावण्यास मनाई करावी.

मालक मंडळींची भीती आम्ही ऐकली आहे: लाइन थांबेल, रजेचा गैरवापर होईल. वर्षाच्या सुमारे तीनशे कामाच्या दिवसांत सात म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत, आणि दरवर्षी प्रत्येकाच्या घरी कुणी आयसीयूत जात नाही. दर लाइनला एक रिलिव्हर, म्हणजे बदली कामगार, शिकवून ठेवला तर लाइन थांबत नाही. रुग्ण दवाखान्यात सोडून आलेल्या माणसाला जबरीने प्रेसवर उभे केले तर बोट जाण्याचा धोका कुणाच्या खात्यावर धरायचा, हेही त्याच हिशेबात लिहावे. गैरवापराला पाचवी मागणी हेच उत्तर आहे: शिक्क्याचा दाखला असला की संशयाला जागा राहत नाही.

हे पत्र कामगारही वाचतील. कायदा होईपर्यंत त्यांनी एवढे करावे. सुपरवायझरला नुसता फोन न करता संदेश लिहावा, त्यात रुग्णाचे नाव, नाते, रुग्णालय, दाखल झाल्याची वेळ आणि अंदाजे दिवस टाकावेत. तोच संदेश एचआरला आणि ठेकेदाराला पाठवावा, मोबाइलवरून पुसू नये. दिवस वाढले तर जुनी मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागावी. केसपेपर, संमतीपत्रावरची आपली सही, रक्तपेढीची पावती आणि औषधाची बिले यांचे फोटो तारखेसह ठेवावेत. त्या दिवशी आपण तिथे होतो हे त्यातूनच सिद्ध होते. घरी नोटीस आली तर मुदतीत खुलासा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नये, ‘नंतर परत घेतो’ असे कुणी कितीही सांगितले तरी.

महोदय, प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘केंद्राकडे पाठवली’ यांपैकी काय ते लिहून, अमान्य असल्यास कारणासह, आम्हाला लेखी उत्तर द्यावे. पाचव्या मागणीला तर कायद्यात दुरुस्तीही लागत नाही. तो दाखला एका परिपत्रकाने सुरू होऊ शकतो, आणि आधी त्याचेच उत्तर आले तरी चालेल.

आपले,
वाळूज-चिकलठाणा भागात कामगारांचे अर्ज आणि खुलासे लिहून देणारे काही कार्यकर्ते
छत्रपती संभाजीनगर